लवॉनच्या हाताची चाचणी

ऑरिन हॅल्वर्सनच्या स्वयंपाकघरात एक खण होता आणि त्यात मेलेली डिजिटल पेनं होती. मेलेली म्हणजे बिघडलेली नव्हेत. बहुतेक ठणठणीत होती, त्यांचे टॅब्लेट तेवढे वारले होते. एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या काचेवर कितीही घासलं तरी रेघ उमटायची नाही, अशी तेव्हाची रीत होती. टॅब्लेट फुटला की त्याचं पेन धडधाकट अवस्थेत निकामी व्हायचं, आणि ऑरिन ते फेकण्याऐवजी खणात ठेवायचा. त्याची बायको लवॉन त्या खणाला दफनभूमी म्हणे. डबे उघडायची चावीही त्याच खणात असल्यामुळे तिला रोज त्या दफनभूमीत हात घालावा लागे, आणि रोज ती तेच विचारी, "यातलं एखादं तरी पुन्हा उठणार आहे का रे?"

"काम चाललंय," ऑरिन म्हणे.

आणि ते खरं होतं. काम चाललं होतं आणि तोच ते करत होता.

ऑरिन ॲस्टोरिया या मासेमारीच्या गावचा. बाप सामन माशांच्या डबाकारखान्यात होता. डब्याचं झाकण बसलं की आतल्या माशाची तक्रार ऐकू येत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. ऑरिनला ते बरीच वर्षं विनोदी वाटत आलं. तो स्वतः हिल्सबरोला आला तो आराखडे काढणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात. मोठ्या कागदावर शाईचं पेन आपोआप धावे, आणि ते अडखळतं कुठे हे पाहणं त्याचं काम. पुढे कागद गेला, मग शाई गेली, पेन राहिलं. ऑरिनही राहिला. वेगळी पेनं विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा वापरणाऱ्यांचा वैताग महाग पडतोय हे कंपन्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी एक मंडळ काढलं. कुठलंही पेन कुठल्याही स्क्रीनवर चाललं पाहिजे, त्यासाठी सगळ्यांनी मिळून एक मानक लिहायचं. ऑरिनच्या कंपनीने ऑरिनला पाठवलं, कारण दोनशे पानांचा मसुदा आवडीने वाचणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. मानकातला चाचण्यांचा भाग त्याच्या गळ्यात पडला आणि त्याने तो दागिन्यासारखा मिरवला.

मंडळाचा मेळा विमानतळाजवळच्या एका हॉटेलात भरे. सगळ्या कंपन्या आपापली पेनं आणि आपापले टॅब्लेट घेऊन येत, नावांवर काळी चिकटपट्टी लावत आणि टेबलामागून टेबल एकमेकांशी जुळवून बघत. कुणाचं पेन कुणाच्या काचेवर नापास झालं हे बाहेर बोलायचं नाही, असा दंडक होता. मग निर्णय. मंडळात मतदान नव्हतं. प्रस्ताव ईमेलने सगळ्यांना जाई, मुदतीत कुणाची लेखी हरकत आली नाही तर तो मंजूर. मेळ्यात समोरासमोर असले तर अध्यक्ष डेझमंड प्रुइट, एका स्क्रीन कंपनीचा गोलमटोल माणूस, चष्म्यावरून सगळीकडे पाही.

"कोणाची हरकत? नाही? मंजूर. कॉफी."

हा नियम ऑरिननेच लिहिला होता. त्याआधी पेनवरचं बटण कुठे असावं यावर मंडळाने दोन उन्हाळे घालवले होते. नियम आला आणि गाडं चालू लागलं. अर्थात हरकती घेण्यात स्वतः ऑरिनचा हात धरणारा कुणी नव्हता. तो स्वल्पविरामावर हरकत घेई.

"ऑरिनची हरकत आली नाही ना, तर मी आधी घड्याळ बघतो," प्रुइट म्हणे, "बंद पडलंय की काय!"

"तुझा मसुदा वाचून झाला की मीही घड्याळ बघतो, डेझ. आयुष्य किती उरलंय त्याचं."

लवॉन काउंटीच्या रस्ते खात्यात बिनतारी यंत्रावर बसे. बर्फ काढणाऱ्या आणि खडी टाकणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर तिच्या आवाजावर चालत. कुठल्या घाटात कोण अडकलाय हे तिला पाठ असे, आणि कोण अडकल्याचं सोंग करून खाणावळीत बसलाय हेही. मग एका हिवाळ्यात तिचे शब्द घसरायला लागले. "काय लवॉन, सकाळी सकाळीच?" असं एका ड्रायव्हरने यंत्रावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. ती त्याला सणसणीत उत्तर द्यायला गेली आणि उत्तर निघालं नाही. डॉक्टरांनी आजाराचं तीन अक्षरी नाव सांगितलं, एएलएस. स्नायू एकेक करून हुकूम मानायचं सोडतात. कुणाचे पाय आधी जातात, कुणाचे हात. लवॉनचा आधी आवाज गेला. आजारालासुद्धा माणसाचं वर्म कळतं, असं ऑरिनला वाटलं. ते तो कुणाला बोलला नाही.

डोळ्यांच्या हालचालीवरून बोलणारं यंत्र त्यांनी आणून पाहिलं. लवॉनने ते परत पाठवलं. "हा बँकेचा आवाज आहे," तिने टॅब्लेटवर लिहिलं. "बँकेच्या आवाजात मी नवऱ्याशी भांडणार नाही." टाइप करताना प्रत्येक अक्षराला बोट उचलावं लागे आणि ते तिला जड जाई. पण मनगट उशीवर टेकवून, फोमची गुंडाळी केलेलं पेन नुसतं सरकवणं जमे. अक्षर वाकडं, पण तिचं. ती थोडंच लिही आणि लागेल असं लिही.

"म्हाताऱ्या, शर्ट उलटा आहे."

"शेजारीणबाईंना सांग, अजून एक कॅसरोल शिजवून आणलं तर मी मुद्दाम जगेन."

"मीठ कमी आहे." हे रोज.

ऑरिन वाचे, हसे, मीठ आणे. दोघांचा संसार असा एका काचेवर चालला होता, आणि ऑरिनच्या मनात कुठेतरी आपल्या धंद्याबद्दल प्रथमच थोडा अभिमान उगवला होता. तेवढ्यात टॅब्लेट गेला. बॅटरी फुगली, काच वर आली. ऑरिनने नवा आणला, खोक्यावर मंडळाचा शिक्का असलेला, म्हणजे त्याच्याच चाचण्या पास झालेला. लवॉनने पेन फिरवलं. अर्धी अक्षरं उमटली, अर्धी नाही.

कारण ऑरिनला तोंडपाठ होतं. पेन खिशातून काढताना टोक काचेला लागतं, कडेला ठेवताना घासतं. अशा चुकून उमटणाऱ्या रेघांचा लोकांना त्रास होतो, म्हणून अगदी हलका, थरथरता स्पर्श स्क्रीनने सोडून द्यायचा असतो. नव्या स्क्रीन या कामात हुशार झाल्या होत्या. लवॉनचा हात दर महिन्याला हलका होत चालला होता. येणाऱ्या आवृत्तीत ही गाळणी आणखी बारीक होणार होती. म्हणजे आज अर्धी अक्षरं जातायत, उद्या सगळी जातील, आणि त्या घरात जे काही बोलणं उरलं होतं ते बंद होईल. आयुष्यात प्रथमच ऑरिनला एखाद्या कलमाची भीती वाटली.

मेळ्यात त्याने विषय काढला. प्रुइटने मान हलवली, मनापासून.

"वाईट वाटतं रे. पण एका माणसाचा हात ही चाचणी होत नाही. पुन्हा पुन्हा तसंच करून दाखवता येत नसेल तर आपल्या लेखी ते घडलंच नाही. हे तुझंच वाक्य आहे."

वाक्य त्याचंच होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग ऑरिनने ठरवलं की लवॉनचा हात पुन्हा पुन्हा करून दाखवायचा.

मंडळाच्या लॅबमध्ये एक यांत्रिक हात होता. तो पेन धरून ठरलेल्या दाबाने रेघा ओढी. त्याची मालकीण म्हणावी अशी लिएन वो नावाची तिशीतली मुलगी. ती त्या यंत्राला रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणे आणि ऑरिनला म्हणायची विसरे. एका शनिवारी ती सगळं सामान घेऊन त्यांच्या घरी आली. टॅब्लेटखाली नाजूक वजनकाटा, पेनवर बारीक तारा. येताना तिने आईच्या हातचं नूडल्सचं सूप आणलं होतं.

लवॉनने लिहिलं, "काय लिहू?"

"काहीही," ऑरिन म्हणाला. "नेहमीचं. मुद्दाम ठरवून नको."

लवॉनने चमच्याने दिलेला सूपचा घोट घेतला, विचार केला आणि लिहिलं, "मीठ कमी आहे."

"सूप माझ्या आईचं आहे, बाई!" लिएन ओरडली.

"मग तिला सांगू नकोस."

तेच तीन शब्द तिने पुन्हा पुन्हा लिहिले, थांबत, मान उशीवर टाकत. शेवटी लिएनने यांत्रिक हाताला ते शिकवलं आणि त्याच टेबलावर लिहून दाखवलं. वेग तोच, कापरं तेच, शेवटच्या अक्षराला खाली घसरणारी शेपटीसुद्धा तीच. लवॉन बराच वेळ पाहत राहिली.

"हा दमत नाही," तिने लिहिलं. "लग्न झालंय का विचार."

पुढच्या मेळ्यात तो हात सगळ्यांसमोर लिहिता झाला. स्वस्त पेनं करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने चष्मा काढून पुसला. कुणी कॉफीचा विषय काढला नाही. प्रुइटने विचारलं, "हा हात नव्या आवृत्तीच्या चाचण्यांत घ्यायचा. कोणाची हरकत?" कोणाची नव्हती. त्या दिवशी ऑरिन गाडी चालवताना गाणं गुणगुणला, आणि तो बेसूर गातो ही तक्रार घरी गेल्यावर त्याला लेखी मिळाली.

चाचणीच्या नमुन्यांचे दोन गठ्ठे असत. पहिल्यातले स्पर्श स्क्रीनने उमटवलेच पाहिजेत. दुसऱ्यातले उमटवता कामा नयेत. लवॉनचा हात ऑरिनने स्वतः पहिल्या गठ्ठ्यात ठेवला आणि मसुदा पाठवून दिला.

त्याच आठवड्यात लवॉनच्या छातीत कफ दाटला आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. ऑरिन तिथल्या खुर्चीत राहायला गेला. नाकाला नळी, हाताला सुई, लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. ती डोळ्यांनी काहीतरी म्हणे आणि तो अंदाज करी, पाणी, उशी, खिडकी, आणि बहुतेक चूक करी. फोनवर मंडळाच्या ईमेल साठत होत्या. त्यांतली एक छपाईपूर्व सुधारणांची होती. नमुन्यांचे गठ्ठे दाबानुसार नीट लावून घेतले आहेत, असं तिच्यात अठराव्या क्रमांकावर लिहिलं होतं. मसुदा छपाईसाठी नीट करणाऱ्याने काम प्रामाणिकपणे केलं होतं. ठरलेल्या दाबाच्या वरचे सगळे नमुने पहिल्या गठ्ठ्यात, खालचे सगळे दुसऱ्यात. इतका हलका आणि थरथरता नमुना पहिल्या गठ्ठ्यात पाहून त्याला वाटलं, चुकून गेला असेल.

मुदत संपेपर्यंत कुणाची हरकत आली नाही. मंडळातल्या निदान चौघापाचांनी तो अठरावा मुद्दा वाचला होता. त्यांना जरा चमत्कारिक वाटला. पण स्वल्पविरामावर भांडणारा ऑरिन गप्प आहे, त्यातून हात त्याच्याच बायकोचा, म्हणजे काहीतरी तांत्रिक कारण असणार, असं प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवलं आणि प्रत्येकजण गप्प बसला. मंजूर.

लवॉन घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. तिला बिछान्यात नीट बसवून, मनगटाखाली उशी देऊन ऑरिनने टॅब्लेट समोर धरला. त्यांच्या अनुपस्थितीत टॅब्लेटने नव्या आवृत्तीप्रमाणे स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि तसं आनंदाने कळवलंही होतं. लवॉनने पेन सरकवायला सुरुवात केली. काहीच उमटलं नाही.

"थांब, थांब. पेन गेलं असेल."

त्याने पेन बदललं. मग मेळ्यातून आणलेल्या पिशवीतली नमुन्याची पेनं एकामागून एक काढली. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या देशांतली. ज्या गोष्टीसाठी त्याने निम्मी नोकरी घातली होती ती त्याच्या बिछान्यावर सिद्ध झालेली होती. सगळी पेनं आता एकसारखी चालत होती. एकही उमटत नव्हतं.

लवॉन मात्र लिहीत राहिली. शेवटचं पेन तिच्या बोटांत होतं, फोमशिवाय, आणि ती रिकाम्या काचेवर सावकाश लिहीत होती. एक ओळ झाली. मनगट मागे आणून दुसरी. मग तिसरी आणि चौथी. एवढं तिने कित्येक महिन्यांत लिहिलं नव्हतं. ऑरिन काचेवर वाकून, भुवया आकसून, सेटिंगमध्ये काय बदललंय ते शोधत होता. उभी हयात त्याने पेनाचं टोक कसं चालतं ते पाहण्यात काढली होती, आणि त्या वेळी तो काचेकडे पाहत होता. हाताकडे पाहिलं असतं तर निदान एखादा शब्द लागला असता, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा पेन घरंगळून चादरीवर पडलं होतं.

"पुन्हा लिही. लवॉन, एकदा पुन्हा. मी बघतो, या वेळी हाताकडे बघतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. घाटात अडकल्याची थाप मारणाऱ्या ड्रायव्हरचं बोलणं ऐकताना तिचा चेहरा व्हायचा, तसाच झाला. मग तिने डोळे मिटले.

ऑरिनने ओट्याजवळ उभं राहून साठलेल्या ईमेल उघडल्या. अठरावा मुद्दा वाचला, पुन्हा वाचला आणि प्रुइटला फोन लावला.

"डेझ, तो नमुना दुसऱ्या गठ्ठ्यात गेलाय."

"हो, मलाही जरा नवल वाटलं. पण तुझी हरकत नव्हती."

"मी इस्पितळात होतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अरे देवा," प्रुइट म्हणाला. "ऑरिन, आम्हाला वाटलं... तू गप्प होतास ना."

"आता घेतो हरकत."

"घे ना, लगेच घे. पण मुदतीनंतरची हरकत म्हणजे पुढच्या आवृत्तीचा प्रस्ताव. पुढची आवृत्ती दीड वर्षाने." मग अगदी हळू, "ते कलम तुझंच आहे रे."

लिएन दुसऱ्या दिवशी लॅबच्या फडताळातला एक जुनाट टॅब्लेट घेऊन धावत आली. कधीही अपडेट न झालेला, फुंकर मारली तरी रेघ उमटवणारा. तिने तो लवॉनच्या हाताखाली ठेवला आणि पेन बोटांत बसवून दिलं. बोटं मिटली नाहीत. लिएनने तिची मूठ आपल्या मुठीत धरून पाहिली, आणि मग ती मूठ तशीच धरून बसून राहिली.

दारापाशी ऑरिनने तिला विचारलं, "कालच्या त्या चार ओळी. नव्या टॅब्लेटने कुठेतरी साठवल्या असतील का?"

"मी आल्याबरोबर तेच पाहिलं." ती बुटाची नाडी बांधत होती, वर न बघता म्हणाली, "नाकारलेला स्पर्श साठवत नाहीत. चुकून झालेल्या गोष्टीची नोंद कशाला ठेवायची."

"तो अठरावा मुद्दा तूही वाचला असशील."

"वाचला होता," लिएन म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

लवॉन त्याच महिन्यात गेली. ल्यूथरन चर्चच्या तळघरात शेजारणींनी कॅसरोलं मांडली. रस्ते खात्याचे ड्रायव्हर आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि ज्याने 'सकाळी सकाळीच?' असं विचारलं होतं तो बाहेर पावसात गाडीत बसून राहिला. ऑरिनने त्याला खाणं नेऊन दिलं. दोघेही काही बोलले नाहीत. बोलणारी ती होती.

पुढच्या मेळ्यात मंडळाने लवॉनसाठी एक मिनिट शांतता पाळली. सगळे उभे राहिले, टेबलांवर चिकटपट्ट्या लावलेली पेनं आडवी पडलेली. मिनिट संपलं, प्रुइटने चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "कोणाची हरकत?"

तो कानापर्यंत लाल झाला. ऑरिनने हात वर केला.

"माझी आहे," तो म्हणाला. "लेखी दिलीय."

"हो, हो. पुढच्या आवृत्तीसाठी नोंदलीय."

"कुठल्या क्रमांकावर?"

प्रुइटने कागद चाळले. तो क्रमांक काही सापडेना, आणि तो सापडेपर्यंत उभं राहायचं की बसायचं हे लोकांना कळेना.

निवृत्तीची चार कागदपत्रं आणायला ऑरिन लॅबमध्ये गेला तेव्हा लिएन कुठल्याशा कंपनीच्या नव्या टॅब्लेटची चाचणी घेत होती. यांत्रिक हाताने पेन धरलं होतं आणि तो थबकत, कापत, शेवटच्या अक्षराला खाली घसरत लिहीत होता. काच कोरी होती. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला. उत्तीर्ण.

"हा नमुना मी तुम्ही गेल्यावर लावणार होते," लिएन म्हणाली. "सॉरी."

"नियमाप्रमाणे रोज करतेस ना?"

"प्रत्येक टॅब्लेटला. पन्नासदा."

ऑरिनने तिच्या टेबलावरची चित्रं काढायची मऊ पेन्सिल उचलली. यांत्रिक हाताची पकड त्याने स्वतः सैल केली, पेन काढलं, पेन्सिल बसवली, आणि टॅब्लेटवर एक कोरा कागद ठेवला. लिएनने काही न विचारता बटण दाबलं. हात हलला. कागदावर कोळिष्टकासारखी फिकट रेघ उमटत गेली, अडखळत, पण एकही अक्षर न गाळता. मीठ कमी आहे. स्वच्छ वाचता येत होतं.

कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. लिएनने पकडीत पुन्हा पेन बसवलं.

"ही चाचणी आता बाद झाली," ती म्हणाली. "मध्ये कागद आला. पहिल्यापासून घ्यावी लागेल."

"घे," ऑरिन म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. या वेळी त्याने काचेकडे पाहिलं नाही. हात लिहीत राहिला, हिरवा दिवा लागत राहिला, आणि प्रत्येक वेळी वाक्य तेच निघालं.